लेफ्सेची गाडी ओढण्याचा मान

नॉर्डल गावात गाडीची किल्ली खिशात घालून फिरणारा माणूस एकच होता. तो बँकेचा मॅनेजर, आणि तो मिनियापोलिसहून आलेला. बाकी सगळ्या गावाच्या किल्ल्या आपापल्या गाडीत लटकलेल्या असत. गाडीला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं, आणि उत्तर डकोटात माणसं तोंडावर काहीच म्हणत नाहीत. शिवाय कुणाची गाडी आपल्या वाटेत आली तर ती बाजूला कशी करणार? मालकाला हाक मारून? इतका उद्धटपणा नॉर्डलमध्ये कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

दुसरी गोष्ट गारांची. चार वर्षांपूर्वी हार्लोच्या डीलरच्या आवारात नऊ नव्या कोऱ्या पांढऱ्या डिझेल पिकअप ओळीने उभ्या होत्या. एका दुपारी त्यांच्यावर लिंबाएवढ्या गारा पडल्या. वीस मिनिटांत नऊच्या नऊ गाड्यांना अंगभर खळ्या पडल्या. डीलर किमती उतरवून खुर्चीत बसून राहिला आणि नॉर्डलचे पुरुष उठून उभे राहिले. इंजिनाला काही गारा लागत नाहीत, हा विचार सगळ्यांना एकाच वेळी सुचला. आठवड्याभरात नऊही पिकअप नॉर्डलात आल्या. तेव्हापासून कॅफेसमोर सकाळी गाड्या लागल्या की एकाच बाईची नऊ बाळं रांगेत झोपवल्यासारखं दिसे. पण मालकांना विचाराल तर प्रत्येक जण शपथेवर सांगे, की आपली गाडी आपण अंधारातसुद्धा ओळखू. वर्लिन टॉफ्टेच्या गाडीच्या बॉनेटवर उडत्या बदकांची रांग होती. निदान त्याला तरी ती दिसे.

वर्लिन एकतीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळून निवृत्त झाला होता. गावात त्याला एकच मान होता, पण तो साधासुधा नव्हता. दर ऑगस्टमध्ये हार्लोला जिल्ह्याची जत्रा भरे, आणि तिथे नॉर्डलच्या चर्चची लेफ्सेची गाडी लागे. लेफ्से म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. ती लांब काठीने उलटायची, लोणी-साखर लावून गुंडाळायची आणि नॉर्वेहून आलेल्या आज्यांची नावं घेत खायची. चार तवे, एक ओटा आणि निळी कनात असलेली ही दोन चाकांची गाडी बावीस वर्षं वर्लिन आपल्या पिकअपला जोडून बावीस मैल ओढत नेत होता. गुरुवारी सकाळी आठ वाजता तो निघाला की लोक ओसरीत येऊन उभे राहत. वर्लिन स्टिअरिंगवरची दोन बोटं वर करी. फक्त दोन. चार बोटं उचलायला तो काही निवडणुकीला उभा नव्हता.

हा मान आपल्याला मिळावा असं रस्त्यापलीकडच्या डेल्मर क्विस्टाडला बावीस वर्षं वाटत होतं. तसं त्याने कधी बोलून दाखवलं नाही. दरवर्षी चर्चच्या बैठकीत तो एवढंच म्हणे, "कधी गरज पडली तर माझी काही हरकत नाही." नॉर्डलमध्ये यापलीकडे हाव दाखवत नाहीत.

तर, जत्रेच्या आदल्या मंगळवारी सकाळी वर्लिन कॅफेकडे निघाला असताना त्याच्या समोरच्या काचेत एक पिवळा दिवा लागला आणि खाली अक्षरं उमटली. धुराचं तापमान मोजणारा इंजिनाचा सेन्सर बिघडला आहे. ब्याण्णव मैलांनंतर या वाहनाचा वेग ताशी पाच मैलांपुरता मर्यादित करण्यात येईल. वर्लिनने ते दोनदा वाचलं. दिव्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, दिवे लागतातच. त्याला झोंबलं ते 'करण्यात येईल'. कोण करणार, कुठे बसतो, त्याला भेटायचं तर किती वाजता, काही पत्ता नाही. चार वर्षं ज्या गाडीला आपण दर शनिवारी आंघोळ घातली, ती आपल्याला नोटीस बजावते?

कॅफेत शिरायच्या आधी त्याने डीलरला फोन लावला. सुगीचे दिवस होते. तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी दुपारी एक जागा आहे, असं तिथल्या बाईने अतिशय गोड आवाजात सांगितलं.

आता शहाण्या माणसाने ही गोष्ट पोटात ठेवली असती. वर्लिनने ती कॅफेच्या लांब टेबलावर आठ जणांसमोर मांडली आणि वर म्हणाला, "सेन्सर तर आहे. एक काढायचा, एक बसवायचा. मी घरीच बदलतो, उद्या दुपारपर्यंत."

डेल्मर काळी कॉफी पितो, त्यात ढवळायला काही नसतं. तरी त्याने चमचा उचलून ती बराच वेळ ढवळली.

"करता येईल," तो म्हणाला. "करणारे करतात."

"त्यात काय आहे?"

"काही नाही. करता येईल." मग चमचा पुसून खाली ठेवत, "आणि समजा नाहीच जमलं, तर माझी गाडी उभीच आहे. लेफ्सेची गाडी न्यायला माझी काही हरकत नाही."

बाहेरच्या माणसाला यात शेजारधर्म दिसेल. वर्लिनला भरचौकात कुणी टोपी उडवल्यासारखं वाटलं. अर्धी कॉफी टाकून तो उठला, सगळ्यांशी हवामानाबद्दल एकेक शब्द बोलला (रागातसुद्धा एवढी रीत पाळावीच लागते), तणतणत बाहेर आला, रांगेतल्या पांढऱ्या पिकअपमध्ये चढला आणि घरी आला.

अंगणात गाडी उभी करताना त्याचं लक्ष काचेकडे गेलं. एकसष्ट मैल शिल्लक. वर्लिन पाहतच राहिला. कॅफेपासून घर दोन मैल. दोन मैलांच्या बदल्यात गाडीने एकतीस मैल कापून घेतले होते. म्हणजे नुसती नोटीस नव्हे, वर दंडही. शिवाय सीट पुढे ओढलेली होती, तिच्यामुळे गुडघे स्टिअरिंगला लागत होते, आणि कप ठेवायच्या खाचेत पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. हे सगळं आर्डिसचं काम, असं त्याने ठरवलं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली की घरातल्या कुठल्याही न समजणाऱ्या गोष्टीचं कारण शोधावं लागत नाही.

आर्डिस स्वयंपाकघराच्या खिडकीशी बटाटे सोलत होती. ती लेफ्सेच्या गाडीची मुख्य. तिने मान वर करून अंगणातल्या पिकअपकडे पाहिलं. मग जरा जास्तच वेळ पाहिलं.

"कॅफेत कोण कोण होतं?"

"नेहमीचेच. डेल्मर होता."

"हं," आर्डिस म्हणाली आणि तिने पुढचा बटाटा घेतला.

वर्लिनने सेन्सरचं सगळं रामायण सांगितलं. सीट का पुढे ओढलीस, असंही विचारलं. आर्डिस म्हणाली, "सेन्सर तू स्वतः बदलणार म्हणतोस?" तो म्हणाला, अर्थात. ती पुन्हा "हं" म्हणाली. या दुसऱ्या "हं"चा सूर पहिल्यापेक्षा वेगळा होता, पण वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला पौंडातला फरक कळतो, बायकोच्या हुंकारातला कळतोच असं नाही.

आता नवा सेन्सर आणायचा. तो मिळणार हार्लोला, डीलरच्या सुट्या भागांच्या खिडकीवर. जाऊन-येऊन चव्वेचाळीस मैल. म्हणजे उरणार सतरा, आणि सेन्सर नाहीच बसला तर गुरुवारी लागणार बावीस. आर्डिसची छोटी गाडी बटाट्याच्या पोत्यांनी भरलेली, ती रिकामी करा म्हणायची वर्लिनची छाती नव्हती. म्हणून सेन्सर कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवता येईल का हे विचारायला त्याने फोन केला. खिडकीवर गेलन नावाचा माणूस होता. सभ्य, शांत, आणि संगणकाने सांगितल्याशिवाय आज कोणता वार हेही न सांगणारा.

गेलनने गाडीचा सतरा अक्षरी नंबर मागितला. वर्लिन चष्मा लावून बाहेर गेला आणि काचेच्या कोपऱ्यातला नंबर एकेक अक्षर वाचून दाखवला. पलीकडे बराच वेळ बटणं वाजली.

"वर्लिन, या गाडीला हा सेन्सर तुम्ही एप्रिलमध्येच नेलाय."

वर्लिन म्हणाला, मी नेलेला नाही. गेलन म्हणाला, संगणक तसं म्हणतोय. वर्लिन म्हणाला, एप्रिलमध्ये मी गुडघ्याचं ऑपरेशन करून पडलो होतो. गेलनला त्याबद्दल मनापासून वाईट वाटलं, त्याने गुडघा आता कसा आहे हेही विचारलं, पण वॉरंटीतल्या गाडीला दुसरा सेन्सर द्यायचा तर आधी जुना जमा करावा लागतो, तो मुख्य कचेरीत जातो, तिथून मंजुरी येते. जुना काढला की गाडी घेऊन या. वर्लिन म्हणाला, जुना काढल्यावर नळीला भोक पडलेली गाडी मी कशी आणू? गेलनने विचार केला आणि म्हणाला, हा प्रश्न फॉर्मवर नाही.

बुधवारी सकाळी वर्लिनने ठरवलं, की आधी जुना काढू, मग तो कुणाच्या तरी हाती पाठवू. त्याने लाकडाच्या ठोकळ्यांवर पुढची चाकं चढवली, पाना घेतला आणि गाडीखाली शिरला. नॉर्डलमध्ये कुणी गाडीखाली शिरलं, की ती बातमी कशी पसरते हे कुणाला सांगता येत नाही, पण पसरते. पंधरा मिनिटांत घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन सहा जण अंगणात आले आणि अर्धवर्तुळ करून बसले. वर्लिनचे फक्त बूट बाहेर होते. पुढचे तीन तास गावाने त्या बुटांशी चर्चा केली.

सल्ला असा कुणी दिला नाही. सल्ला देणं आगाऊपणाचं. पण प्रत्येकाला कुणीतरी आठवत होतं. एकाला त्याचा मेहुणा आठवला. त्याने असाच सेन्सर इंजिन गरम करून सोडवला होता. दुसऱ्याला चुलतभाऊ आठवला. त्याने गरम असताना प्रयत्न केला आणि नळीच तडकली. तिसऱ्याच्या ओळखीच्या माणसाने रात्रभर तेलात भिजवला होता, आणि सकाळी सेन्सर हाताने निघाला होता, पण तो माणूस आता वारला. चर्चच्या पास्टर राग्ना सहज रस्त्याने चालल्या होत्या, त्याही थांबल्या आणि म्हणाल्या की घाई करू नका, मी प्रार्थनेत आठवण ठेवीन. गाडीखालून वर्लिन आभारी आहे म्हणाला. त्या क्षणी त्याच्या डोळ्यात गंज पडला होता.

दहाच्या सुमाराला डेल्मर आला. त्याने सोबत खुर्ची आणली नाही. तो उभाच राहिला, गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकाच्या आत डोकावला आणि जीभ टाळूला लावून आवाज केला.

"खालून बरीच गंजलीय रे तुझी," तो म्हणाला.

एका बुटाची टाच जमिनीवर आपटली.

"मिठाच्या रस्त्यावरून आणली की त्याच दिवशी धुवावी लागते. मी माझी धुतो. आणि हे चिखलाचं काय? हा वसंतातला चिखल दिसतो." त्याने दार उघडून आत नाक घातलं. "आतही पसाराच आहे. राग मानू नकोस, माणसापरत्वे असतं."

वर्लिनने पान्यावरची मूठ आवळली. चार वर्षं दर शनिवारी धुतलेली गाडी! त्याला स्वतःलाही खाली इतका गंज पाहून सकाळी धक्का बसला होता, आणि त्याने मनातल्या मनात धुण्याच्या साबणाला दोष दिला होता. आता अपमान, संताप आणि गुडघा हे तिन्ही एकदम उसळले, आणि त्याने होता नव्हता तेवढा जोर पान्यावर टाकला.

टक् असा आवाज झाला. गाडीखालून वर्लिनचा हात बाहेर आला. हातात पाना होता, पान्यात सेन्सरचं डोकं होतं. धड नळीतच राहिलं होतं.

"हं," डेल्मर म्हणाला. "मेहुण्याचं असंच झालं होतं."

मग गॅसची टॉर्च आली, दातेरी पकड आली, हातोडी आली. पावणेदोन वाजता ते धड एकदाचं सुटलं, पण कण्यातले दोन खिळे निसटल्यासारखं वर्लिनला सरळ चालता येईना. नळीला बोटाएवढं भोक पडलं होतं. त्याने एकदा गाडी सुरू करून पाहिली, तर अंगणात म्हशीच्या कळपाने घसा साफ केल्यासारखा आवाज झाला आणि दोन थर्मास कलंडले. सेन्सर दोन तुकड्यांत होता आणि गेलनला अखंड हवा होता. तसं फॉर्मवर होतं. प्रेक्षक एकेक करून उठले. फक्त खुर्च्या मिटण्याचा आवाज झाला, आणि तो वर्लिनला फार लागला.

डेल्मर सगळ्यांत शेवटी निघाला. "मी सकाळी साडेसातला तयार असेन," तो म्हणाला, आणि आवाजात शक्य तेवढं दुःख आणत, "माझी काही हरकत नाही."

वर्लिन पिकअपमध्ये जाऊन बसला. दार लावून घेतलं. पुरुषाला एकटं बसायला त्या गावात तेवढी एकच जागा. बावीस वर्षांनंतर उद्या आपण ओसरीत उभे राहणार आणि डेल्मर दोन बोटं वर करणार. कदाचित चारही करेल, त्याचा काही नेम नाही. डोळे पुसायला त्याने चष्मा काढला, तर तो हातातून निसटून सीटखाली गेला. तो काढायला हात घातला, तर हाताला एक खोका लागला.

लहान, पुठ्ठ्याचा, न उघडलेला. त्यावर लिहिलं होतं, धुराचं तापमान मोजणारा सेन्सर.

वर्लिन बराच वेळ तो खोका मांडीवर घेऊन बसला. लुथरन पंथाच्या माणसाला चमत्कार कबूल करायला अवघड जातं. त्यात जरा कॅथलिक वास येतो. पण गेलन म्हणालाच होता की एप्रिलमध्ये दिलाय. ज्या गोष्टीची गरज ऑगस्टात पडणार, ती कुणीतरी एप्रिलातच सीटखाली ठेवून देतं, हे काम आर्डिसचं तरी असावं किंवा तिच्याहून वरच्या कुणाचं तरी. आर्डिसला विचारलं. ती म्हणाली, मी नाही ठेवला. मग उरला एकच.

नवा सेन्सर बारा मिनिटांत बसला. तिसऱ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा पिवळा दिवा गेला, एकसष्ट मैलांची नोटीस गेली, आणि इंजिन मांजरासारखं घुरघुरायला लागलं. वर्लिनने पास्टर राग्नाबाईंना फोन करून सगळं सांगितलं. डेल्मरला काहीच सांगितलं नाही. ते त्याला सकाळी दिसणारच होतं.

संध्याकाळी आर्डिस सामानाच्या वाटण्या करत होती. तवे, पीठ, लोणी आणि उकडलेले बटाटे वर्लिनच्या गाडीत. चर्चच्या साठ घडीच्या खुर्च्या तेवढ्या डेल्मरला, असं ती म्हणाली. वर्लिनला अतिशय आनंद झाला. नुसत्या खुर्च्या! याहून सभ्य अपमान त्याला स्वतःला सुचला नसता.

गुरुवारी सकाळी आठ वाजता लेफ्सेची गाडी निघाली. लोक ओसरीत आले. डेल्मर आपल्या अंगणात खुर्च्या चढवत होता, तो कमरेवर हात ठेवून सरळ उभा राहिला. वर्लिनने दोन बोटं वर केली. मग त्याच्या अंगणासमोरून जाताना, देव त्याला क्षमा करो, तिसरंही थोडं उचललं.

बावीस मैल गाडी अशी गेली, जसं लोणी तव्यावर जातं. वर्लिनने वाटेत पेपरमिंटची एक गोळीसुद्धा खाल्ली.

जत्रेच्या फाटकाशी टेबल टाकून एक बाई बसली होती. लेफ्सेचा परवाना, चर्चचं पत्र, अन्न तपासणीचा दाखला, सगळं वर्लिनने फाइलमधून काढून दिलं. आता ओढणाऱ्या वाहनाचं विम्याचं कार्ड, ती म्हणाली. वर्लिनने पुढचा कप्पा उघडला. कप्प्यात मासे धरायचे तीन गळ, एका खोलीभर आवाज करणारी पिठल्यासारखी पिवळी शिट्टी आणि विम्याचं कार्ड होतं. त्याने ते न पाहताच बाईला दिलं. तिने परवाना पाहिला, कार्ड पाहिलं, पुन्हा परवाना पाहिला.

"तुम्ही वर्लिन टॉफ्टे?"

"हो."

"मग हे डेल्मर क्विस्टाड कोण?"

वर्लिनने कार्ड परत घेतलं आणि वाचलं. मग बॉनेटकडे पाहिलं. बदकं नव्हती. होत्या त्या नुसत्या खळ्या, जशा आठ इतर गाड्यांवर होत्या. मग एका मागोमाग एक पुढे ओढलेली सीट, एकतीस मैल, पेपरमिंट, वसंतातला चिखल, आणि शेवटी तो खोका, असं सगळं त्याच्यासमोरून मिरवणुकीसारखं गेलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा लेफ्सेची गाडी डेल्मरच्या पिकअपने ओढली होती.

"ही गाडी तुमची आहे का?" बाईने विचारलं. मागे सहा गाड्या खोळंबल्या होत्या.

वर्लिनला खोटं बोलता येत नसे. "दुरुस्त मी केलीय," तो म्हणाला.

बाईने फॉर्मवर शोधलं, 'मालक किंवा मालकाने नेमलेला' अशी एक ओळ होती, तिथे तिने खूण केली आणि त्याला आत सोडलं.

दहाला गर्दी उसळली. तवे तापले, लेफ्से उलटायला लागल्या, आर्डिस काठी घेऊन राज्य करू लागली. पास्टर राग्नाबाईंनी सुरुवातीच्या प्रार्थनेत, नाव न घेता, जो शोधतो त्याला सीटखालीसुद्धा सापडतं असं म्हटलं, आणि नॉर्डलच्या लोकांनी कौतुकाने वर्लिनकडे पाहिलं. दोघांनी येऊन त्याचा हात दाबला. वर्लिन जमिनीकडे बघत राहिला. लोकांना तो विनय वाटला.

खुर्च्या मात्र आल्या नाहीत. दीडशे माणसं उभ्याने खात होती.

साडेबाराला नॉर्डलच्या रस्त्यावर धूळ दिसली. पुढे शेरीफच्या माणसाची गाडी, डोक्यावरचे दिवे फिरवत. तिच्यामागे अंत्ययात्रेच्या चालीने येणारी पांढरी पिकअप, तिच्यावर साठ खुर्च्या, आणि त्यामागे चौदा गाड्या, ज्यांच्यापैकी एकीनेही हॉर्न वाजवला नव्हता. पिकअपच्या पुढे एक कुत्रं चालत होतं, तेही मधून मधून थांबून वाट बघत होतं. डेल्मर सरळ समोर बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, ताशी पाच मैल वेगाने जत्रेत शिरला.

तो उतरला, टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. वर्लिन त्याच्याजवळ गेला. दोघांनी आधी आकाशाकडे पाहिलं.

"वारा सुटलाय," डेल्मर म्हणाला.

"सुटलाय."

"बारा मैलांपासून अशी चालतेय. मंगळवारी एकसष्ट होते, मग बघतो तर ब्याण्णव. म्हटलं दया आली असेल. त्या भरात तळ्यावर मासे धरायला गेलो." त्याने खिशातून वर्लिनचा जुना वाचायचा चष्मा काढला आणि त्याच्या हातात दिला. "वाटेत कप्पा उघडला तेव्हा मिळाला."

वर्लिनने चष्मा खिशात ठेवला आणि विम्याचं कार्ड काढून डेल्मरला दिलं. डेल्मरने ते न वाचता शर्टाच्या खिशात टाकलं.

"ओढत होती का नीट?"

"एकदाही कुरकुरली नाही."

"हं." डेल्मरने थोडा वेळ आपल्या गाडीकडे पाहिलं. "तुझ्याकडे दिवा लागला म्हणालास ना कॅफेत, माझ्याकडे तो मार्चपासून येतोय जातोय. सीटखाली एक खोका होता."

"होता."

"एप्रिलमध्ये आणला होता. मग म्हटलं, थंडी कमी होऊ दे. मग पेरण्या आल्या." त्याने टोपी सरळ केली. "खरं म्हणजे धीर झाला नाही."

हे वाक्य नॉर्डलमधल्या पुरुषाने दिवसाउजेडी दुसऱ्या पुरुषाला म्हटल्याची ही पहिलीच वेळ असावी. वर्लिन म्हणाला, "मला वाटलं देवाने ठेवला."

डेल्मरने यावर नीट विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "मीच."

मग दोघांनी साठ खुर्च्या उतरवल्या. गंजाबद्दल वर्लिन काही बोलला नाही. बोलण्यासारखं खूप होतं, रात्रभर पुरलं असतं, पण चौथ्या खुर्चीला डेल्मर स्वतःच म्हणाला की ती गाडी खालून जरा धुवायला हवी, आणि वर्लिन म्हणाला, माणसापरत्वे असतं. त्यानंतर कुणी काही विचारलं तर एवढंच सांगायचं ठरलं, की गाड्या चालताहेत. ठरलं म्हणजे तसं कुणी बोललं नाही. संध्याकाळी लेफ्सेची गाडी डेल्मरच्या पिकअपला जोडलेलीच होती. वर्लिनने तिच्याकडे पाहिलं, किल्ली आत लटकत होती ती पाहिली, आणि म्हणाला, "परतीला तू घेऊन जा. माझी काही हरकत नाही."

डेल्मरचा चेहरा हलला नाही. पण तो चढताना सीट मागे गेलेली आहे हे न बघताच बसला आणि त्याचे पाय ब्रेकपर्यंत पोचेनात, यावरून काय ते ओळखावं.

वर्लिन आणि आर्डिस त्याच्यामागे आपल्या गाडीतून निघाले, ताशी पाच मैल. बावीस मैलांचा रस्ता होता. संध्याकाळ सुरेख होती, गव्हाची कापणी चालली होती. मागून येणारे लोक चार बोटं दाखवून पुढे जात होते. तीन मैल मागे पडले. मग वर्लिनने खाकरून घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. कार्ड, खोका, खळ्या, देव, सगळं.

"मला मंगळवारीच कळलं," आर्डिस म्हणाली.

वर्लिनने तिच्याकडे वळून पाहिलं. ताशी पाच मैलांच्या वेगात हे करायला हरकत नसते.

"आपल्या गाडीत मागच्या काचेशी माझं स्तोत्रांचं पुस्तक असतं. त्यात नव्हतं. आणि डेल्मरशिवाय पेपरमिंट कोण खातं? म्हणून तर तवे त्याच्याकडे दिले नाहीत. आपल्या गाडीला नोटीस लागलेली मला माहीत होती. खुर्च्या उशिरा आल्या तरी लोक उभ्याने खातात."

"मग सांगितलं का नाहीस?"

आर्डिसने कप ठेवायच्या खाचेतून आपला रुमाल काढला, त्याने समोरची काच एका कोपऱ्यात पुसली आणि परत ठेवला.

"तू आयुष्यात पहिल्यांदाच गाडीखाली शिरणार होतास," ती म्हणाली. "म्हटलं, हात बसेपर्यंत डेल्मरची असलेली बरी."

पुढे आणखी एकोणीस मैल होते. त्यातल्या सोळाव्या मैलाला वर्लिन म्हणाला, की शनिवारी आपलीही करून टाकू.

"आता करायला हरकत नाही," आर्डिस म्हणाली.